पीओ कुणाच्या टेबलावर आहे? : प्रकल्प नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५

७ जुलै, सोमवार

काल आषाढीचा उपास झाला आणि आज सकाळी हा प्रकल्प गळ्यात पडला. निमित्त बेअरिंगचं. गेल्या आठवड्यात रबाळेच्या कारखान्यात एक लाईन दीड दिवस उभी होती, कारण बेअरिंगचा पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे खरेदीचा आदेश) ठाण्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात, मोठ्या साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली पडून होता. परचेस मॅडम म्हणतात, पाठवला होता. साहेब म्हणतात, मला कुणी सांगितलंच नाही. दोघंही खरं बोलतायत, हीच पंचाईत.

आमच्याकडे ईआरपीनेक्स्ट हे कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर येऊन वर्ष झालं. पीओ त्यात बनतो, मग त्याची प्रिंट निघते आणि सह्या होतात त्या प्रिंटवर. म्हणजे वर्षभर आम्ही त्याचा टाइपरायटर करून ठेवलाय. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, बनवणारी फ्रॅपे कंपनीही मुंबईचीच, लायसन्सचे पैसे पडले नाहीत. म्हणूनच बहुधा कुणी त्याच्याकडून वसुली केली नाही.

साहेबांचा हुकूम: "मंजुरीला काही आलं की सिस्टिमने सांगायचं. आपोआप. महिन्याभरात." आयटी विभाग म्हणजे मी एकटाच, त्यामुळे विभागाची बैठक लगेच उरकली.

९ जुलै, बुधवार

संगणकाला हात लावण्याआधी एक दिवस मामांबरोबर घालवला. मामा आमचे शिपाई, आणि आजवर मंजुरीची यंत्रणा म्हणजे त्यांची खाकी पिशवी. अकराच्या सुमारास कारखान्यातून निघायचं, रबाळेहून लोकलने ठाणे, स्टेशनाबाहेरून बसने वागळे. संध्याकाळी सह्या घेऊन उलट.

मला वाटलं होतं मामा कागद पोचवतात. ते त्याहून बरंच काही करतात. तुलनातक्ता (वेगवेगळ्या पुरवठादारांच्या दरांचा) जोडलेला नसेल तर कागद पिशवीत घेतच नाहीत; "साहेब परत पाठवणार, मग माझी फुकटची खेप." बारापूर्वी साहेबांसमोर कागद ठेवत नाहीत, तेव्हा बँकेचे फोन चालू असतात. जेवण झालं, अडीच वाजले, चहा आला की आत जायचं. तातडीचा कागद सगळ्यात वर ठेवायचा नाही, कारण वरचा कागद साहेब सगळ्यात बारकाईने वाचतात, तातडीचा तिसरा. साहेब बाहेरगावी असतील तर छोट्या साहेबांकडे, पण ५० हजारांपर्यंतचेच. आणि सही झाली की परत येण्याआधी परचेस मॅडमना फोन.

हे सगळं कुठेच लिहिलेलं नाही. मी वहीत उतरवून घेतलं आणि वर शीर्षक दिलं: आवश्यकता. परतीच्या गाडीत ऐरोलीला मामा म्हणाले, "हे मशीन आलं की माझी पिशवी बंद का रे?" मी म्हटलं, बघू. उत्तर म्हणून फार धड नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

कारखान्याला साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे शांतता. चाचणीच्या साईटवर वर्कफ्लो, म्हणजे कागद कुणाकडून कुणाकडे जायचा तो क्रम, मांडला. कच्चा, मग कारखाना प्रमुखांकडे, मग साहेबांकडे, मग मंजूर किंवा नामंजूर. ५० हजारांच्या आतला छोट्या साहेबांकडे, वरचा मोठ्यांकडे. रकमेची अट प्रत्येक टप्प्यावर लिहिता येते.

एक गोष्ट वेळीच दिसली. प्रत्येक टप्प्याला 'स्वतःचा कागद स्वतः मंजूर करू द्यावा' अशी एक टिक असते आणि ती आधीपासूनच लागलेली असते. म्हणजे मंजुरीचा अधिकार असलेल्या माणसाने स्वतः पीओ बनवला तर तो स्वतःच पुढे ढकलू शकतो. सगळीकडची टिक काढली. आमच्याकडे कुणी गैरफायदा घेईल असं नाही, पण ऑडिटर आला की पहिला प्रश्न हाच.

१४ जुलै, सोमवार

वर्कफ्लोमध्येच 'ईमेल पाठवा' अशी सोय आहे. लावली, चाचणीचा एक पीओ पुढे ढकलला. एका पीओचे सात मेल सात जणांना.

कारण कळायला अर्धा तास गेला. ही सोय माणसाला मेल पाठवत नाही, भूमिकेला (सिस्टिममधल्या अधिकारांच्या गटाला) पाठवते. पुढची कृती ज्या भूमिकेला करता येते, ती भूमिका असलेल्या प्रत्येकाला. आणि 'परचेस मॅनेजर' ही भूमिका आमच्याकडे सात जणांना वाटलेली होती, त्यात स्टोअरचा मुलगाही. सुरुवातीला कुणाला एखादा रिपोर्ट दिसत नसला की मीच ती भूमिका देऊन मोकळा व्हायचो. माझं पाप माझ्याच इनबॉक्समध्ये आलं.

आता मंजुरीसाठी वेगळ्या भूमिका केल्या, प्रत्येक भूमिकेत एकच माणूस. वर्कफ्लोची मेलची टिक काढली आणि नोटिफिकेशनचे नियम वेगळे लिहायला घेतले: स्थितीचं खानं बदललं की, आणि नवी स्थिती अमुक असेल तरच, त्या एकाच माणसाला.

१६ जुलै, बुधवार

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं, पण नोंदी आहेत, लिहिल्या पाहिजेत.

चाचणीला खरा डेटा हवा म्हणून काल रात्री चालू साईटचा बॅकअप चाचणीच्या साईटवर उतरवला. बॅकअपबरोबर खरे यूजर आले आणि त्यांचे खरे मेल पत्तेही आले. मेल पाठवण्याचं खातंही आलं. सकाळी मी 'चाचणी पुरवठादार' या नावाने ४ कोटींचा पीओ बनवून पुढे ढकलला. शेड्यूलर (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा भाग) बंद होता, म्हणून काही गेलं नाही. मेल रांगेत 'पाठवलेला नाही' म्हणून बसले. मला वाटलं नियम चुकलाय. म्हणून आणखी सहा वेळा केलं. मग लक्षात आलं, शेड्यूलर चालू केला, आणि साठलेली सगळी रांग एका दमात सुटली.

साहेबांचा फोन आला तेव्हा ते विमानतळावर होते. "अरे, ४ कोटींचं आपण काय घेतोय? आणि सात वेळा?"

चाचणीच्या साईटच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'म्यूट ईमेल्स'ची ओळ टाकली की एकही मेल बाहेर जात नाही. एका ओळीचं काम, बॅकअप उतरवण्याच्या आधी करायचं. आता ती ओळ माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवली आहे.

१८ जुलै, शुक्रवार

छोट्या साहेबांना मेल येतच नव्हते. स्पॅममध्ये सापडले. आमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) हा नवा मेल सर्व्हर नव्हता आणि डीकेआयएमची सही (मेल खरंच आमचाच असल्याची खूण) तर कधी लावलीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यातलं किमान एक तरी सगळ्यांकडून मागतंच. दोन्ही लावलं. हा बदल इंटरनेटभर (डीएनएसमध्ये) पसरेपर्यंत बाहेर जाऊन वडापाव.

२१ जुलै, सोमवार

मेल पोचतायत, योग्य माणसाला पोचतायत, तरी मंजुरी होत नाही. दोन दिवसांची चाचणी कारखाना प्रमुख आणि साहेबांनी स्वतः केली आणि दोघांनी मेल उघडून काहीच केलं नाही. का, ते विचारायला ऑफिसला गेलो.

साहेबांनी माझ्यासमोर एक मेल उघडला. 'पीओ क्रमांक अमुक आपल्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.' वाचून त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि टेबलावरचा फोन उचलून परचेस मॅडमना विचारलं, "मागच्या वेळी काय रेटने घेतला होता? स्टॉक किती आहे?" मॅडम म्हणाल्या, बघून सांगते. झालं, पुढचा अर्धा दिवस गेला. साहेबांना कागद आल्याचं कळत नव्हतं ही अडचण फार थोडी होती. कागदावर ठरवता येण्याइतकं काही नसायचं, म्हणून तो वर्तमानपत्राखाली जायचा.

मग मेलच बदलला. प्रत्येक वस्तूपुढे मागच्या खरेदीचा दर (तो आयटमच्या नोंदीत आपोआप साठतोच, मी कधी वापरला नव्हता), आत्ताचा स्टॉक, आधीच्या पीओवरचा यायचा माल आणि दर वाढला असेल तर किती टक्के. दर दहा टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर परचेसने कारण लिहिल्याशिवाय पीओ पुढे जातच नाही. तुलनातक्ता जोडलेला नसला तरी जात नाही. हा दुसरा नियम म्हणजे सरळ मामाच आहेत, पायथनमध्ये.

विषयाची ओळही बदलली. आधी प्रत्येक मेलचा विषय एकच होता, 'मंजुरी आवश्यक'. जीमेलने ते सगळे एकाच संभाषणात गुंडाळले आणि साहेबांना वरचा एकच दिसायचा. खाली अकरा दडलेले. आता विषयात पुरवठादार, रक्कम आणि पीओ क्रमांक. मोबाईलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात म्हणून क्रमांक शेवटी. क्रमांकावरून कुणालाही काहीही आठवत नाही.

२३ जुलै, बुधवार

परचेस मॅडमची मागणी: मेलमध्येच 'मंजूर' असं बटण द्या, लॉगिनची कटकट नको. सोय करता येते. मी नाही म्हटलं. साहेब मेल सर्रास फॉरवर्ड करतात, 'हे बघ' एवढंच लिहून. मंजुरीची लिंक त्या मेलबरोबर जाणार, आणि ज्याच्या हातात ती लिंक त्याच्या हातात साहेबांची सही. मेलमध्ये 'उघडा' एवढीच लिंक राहील. मॅडम नाराज. मोबाईलवर लॉगिन टिकून राहतं हे दाखवल्यावर जरा कमी नाराज.

३० जुलै, बुधवार

पडून राहिलेल्या कागदांच्या आठवणींचं प्रकरण. तयार सोय अशी की अमुक तारखेनंतर इतक्या दिवसांनी मेल जावा. पण ती नेमक्या त्याच दिवशी एकदाच जाते. दोन दिवसांनी म्हटलं तर त्या दिवशी एक मेल, मग कायमची चुप्पी. शिवाय दिवस म्हणजे दिवस, कारखान्याचा शुक्रवार आणि ऑफिसचा रविवार तिला माहीत नाही. म्हणून स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहिली: ज्याच्याकडे कागद पडून आहेत त्याला रोज एकच मेल, सगळे कागद एका तक्त्यात, जुना वर. पडून काहीच नसेल तर मेल नाही. ज्याची सुट्टी त्याला त्या दिवशी नाही.

सर्व्हरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या वेळापत्रकात) वेळ लावली सकाळी ९.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मेल सकाळी ९ ला आला नाही. दुपारी अडीचला आला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आपण साडेपाच तास पुढे. दुरुस्त करायला बसलो आणि थांबलो. साहेबांनी काल आणि आज, दोन्ही दिवस अडीच ते तीनमध्ये सगळं मंजूर करून टाकलं होतं. चहाबरोबर.

घड्याळ दुरुस्त केलं, पण क्रॉनची वेळ बदलून अडीचच ठेवली. मामांना सांगितलं तर ते अजिबात चकित झाले नाहीत.

४ ऑगस्ट, सोमवार

चालू केलं. कागदावरची सही आजपासून बंद. पहिल्या दिवशी परचेसने सवयीने प्रिंटही काढल्या आणि मामांनी सवयीने पिशवीत भरल्याही. ऑफिसात साहेबांनी त्यांना तसंच परत पाठवलं. मामा तीन तास काही बोलले नाहीत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

स्टोअरचा मुलगा: "दादा, मंजूर झालं की नाही ते मला पण कळू दे ना, मी रोज मॅडमना विचारतो." बरोबर आहे. ज्याने मागणी टाकली त्याला शेवटची स्थिती कळवायचा नियम जोडला. नामंजूर झालं तर कारण लिहिणं सक्तीचं. पहिलं कारण साहेबांनी लिहिलं: 'नको'. किमान १५ अक्षरांची अट टाकावी का, या विचारात आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अकाउंटवाल्या ताई हातात वही घेऊन आल्या. "तुझ्या पीओचं कौतुक पुरे झालं. बिलं कोण बघणार?"

मुद्दा गंभीर होता. आयकर कायद्यातलं ४३बी (एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं ठरलेल्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरायचा. मुदत एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याची: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. वर उशिराचं व्याज वेगळं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने. आमच्याकडे बिल मंजुरीत अडकून मार्चअखेर ओलांडलं तर ते नुसतं उशिरा दिलेलं बिल राहत नाही, करातही फटका देतं.

मी म्हटलं, ठीक, बिलाच्या तारखेपासून ४० व्या दिवशी आठवण लावतो. ताईंनी वही मिटली. "बिलाच्या तारखेपासून नाही रे. माल स्वीकारला त्या दिवसापासून. बिल येतं दहा दिवसांनी, कधी वीस." म्हणजे मोजायचं जीआरएनपासून, माल स्वीकारल्याच्या नोंदीपासून. आणि मंजुरीच्या मेलमध्ये बिलाचं वय दाखवायचं नाही, मुदतीला उरलेले दिवस दाखवायचे.

मग प्रश्न, कुठला पुरवठादार यात बसतो. व्यापारी बसत नाहीत, उत्पादक आणि सेवा देणारेच. मध्यम उद्योगही नाही. आमच्या यादीत उद्यम क्रमांक (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) निम्म्यांचेच भरलेले. त्यातही १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या: लघु उद्योगाची उलाढाल आधी ५० कोटींपर्यंत होती, आता १०० कोटींपर्यंत, गुंतवणूक १० वरून २५ कोटींपर्यंत. म्हणजे काल मध्यम असलेला आज लघु असू शकतो. ताईंनी सगळ्या पुरवठादारांना नवीन उद्यम प्रमाणपत्र मागणारं पत्र पाठवलं. तोवर मी पुरवठादाराच्या नोंदीत तीन खानी जोडली: प्रकार, उद्यम क्रमांक, लेखी करार आहे की नाही. प्रकार रिकामा असेल तर सिस्टिम त्याला लघु आणि विनाकरार समजेल, म्हणजे १५ दिवस. ताईंना हे फार आवडलं. परचेस मॅडमना अजिबात नाही, कारण आठवणींचा पाऊस त्यांच्यावर पडणार.

उरलेले दिवस ७ झाले की बिल ज्याच्याकडे आहे त्याला, ३ झाले की त्याला आणि ताईंना, १ राहिला की साहेबांना. मुदतीचा दिवस रविवारी येत असेल तर शनिवारी धरायचा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. ठाणे ते सीएसएमटी लोकल बंद पडल्या, रस्त्यांवर पाणी, अर्धे लोक कामाला नाहीत. मामा कळव्याला घरीच. मी घोडबंदर रोडवर घरात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो.

सहा पीओ आणि दोन बिलं मंजूर झाली. सगळे आपापल्या घरी. ही नोंद मी मुद्दाम मोठी करत नाही, कारण हा दिवस पुढे साहेबच सगळ्यांना सांगत सुटणार आहेत.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. मोठे साहेब उद्या पहाटे गावी निघतायत, सावंतवाडीच्या अलीकडे, घरात रेंज नाही; अंगणातल्या आंब्याखाली येते म्हणे. सात दिवस. छोटे साहेब ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाहीत. आणि नेमकं दिवाळीच्या ऑर्डरींचं सामान आत्ताच मागवायचंय.

दुपारी साहेबांनी सोपा उपाय सुचवला: "माझा पासवर्ड धाकट्याला देऊन जातो." मी उभाच राहिलो. पासवर्ड दिला की नोंदीत सही साहेबांचीच दिसणार. साहेब मोदक खात असताना त्यांनी नऊ लाखांचा पीओ मंजूर केला असं रेकॉर्ड सांगणार. उद्या काही बिनसलं तर कुणाला विचारायचं?

रात्री बसून बदलीचा एक छोटा तक्ता केला. कुणाच्या जागी कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती रकमेपर्यंत. त्या तारखांत मेल बदलीच्या माणसाला जातो, मंजुरीचा अधिकारही तेवढाच मिळतो आणि कागदावर 'अमुक यांच्या वतीने' असं उमटतं. तारीख संपली की अधिकार आपोआप परत; कुणी काढायला विसरेल हा प्रश्नच नको. तक्ता भरायचा अधिकार फक्त ज्याची जागा आहे त्याला. साहेबांनी ५ लाखांची मर्यादा घातली. "त्याच्यावरचं असेल तर आंब्याखाली येतो."

साहेब आंब्याखाली आले नाहीत, पण त्यांना एक एसएमएस गेला असता तर बरं झालं असतं. (ही ओळ नंतर लिहिली, ३ सप्टेंबरला.)

९ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांना व्हॉट्सॲप हवंय. अधिकृत रस्त्याने संदेश आधी मंजूर करून घ्यावा लागतो, समोरच्याने स्वतः लिहिल्यापासून २४ तासांच्या बाहेर असाल तर मंजूर साचाच पाठवता येतो, आणि प्रत्येक संदेशाचे पैसे. मोबाईलने क्यूआर स्कॅन करून पाठवणारे स्वस्त जुगाड आहेत, पण त्यात कंपनीचा नंबरच बंद होण्याची भीती. सध्या बाजूला.

एसएमएस मात्र हवाच, कोकणातल्या आंब्यासाठी. पण आपल्याकडे कंपनीने एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदणी करावी लागते: आधी कंपनीची, मग सहा अक्षरी हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची), मग प्रत्येक मजकुराची. मजकुरात बदलणारी जागा ठेवता येते, तिथे ३० अक्षरांची मर्यादा. ठरलेल्या मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी संदेश वाटेतच गळतो. माझा पहिला मजकूर नाकारला: त्यात कंपनीचं नाव नव्हतं. दुसरा नाकारला, मी त्याला भलत्याच प्रकारात टाकला होता. आठ दिवस यात गेले.

आणि मराठीची वेगळी किंमत. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० बसतात, देवनागरीत ७०. त्यातही मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. 'क्ष' हे एक अक्षर दिसतं, मोजणीत तीन. 'प्रतीक्षेत' हा शब्दच मी मजकुरातून काढून टाकला. 'थांबलंय' टाकलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून जीएसटीचे नवे दर. १२ टक्क्यांचा टप्पाच गेला. आमची पुठ्ठ्याची खोकी १२ वरून ५ वर आली. खोक्यांचे उघडे पीओ २६, सगळ्यांवर कर जुना. मंजूर झालेल्या पीओवर कर बदलता येत नाही. रद्द करून सुधारित काढायचा, आणि सुधारित पीओ मंजुरीच्या रांगेत पहिल्यापासून उभा राहतो. २६ मेल साहेबांना. पुन्हा.

माझी सूचना: वस्तू, नग आणि दर तेच असतील आणि एकूण रक्कम कमी झाली असेल, तर दुसऱ्या मंजुरीची गरज नाही. ताईंनी तिथल्या तिथे मोडीत काढली. "कागद नवा, सही नवी." हरलो. तडजोड एवढीच की सुधारित पीओंचे वेगळे मेल बंद, अडीचच्या एकाच तक्त्यात जुनी रक्कम आणि नवी रक्कम शेजारी शेजारी. साहेबांनी नवरात्रीचा उपास सोडता सोडता २६ मंजूर केले.

३० सप्टेंबर, मंगळवार

मामांचा प्रश्न शिल्लक होता. पीओ आणि बिलं कागदावरून गेली, पण काही जुने पुरवठादार अजून चेकच मागतात, आणि चेकवर साहेबांची सही शाईनेच लागते. चेक तयार झाला की ताई मामांना फोन करायच्या, मामा उचलायचे नाहीत, मग ताई चिडायच्या. मामांचा फोन बटणांचा, त्यावर मेल नाही.

म्हणून एसएमएसचा दुसरा मजकूर मामांसाठी मंजूर करून घेतला. बिलाचं पेमेंट मंजूर झालं आणि प्रकार 'चेक' असेल तर मामांना जातो. पुरवठादाराचं नाव बदलत्या जागी, बाकी मजकूर ठरलेला: चेक तयार, हिशोब विभागातून घ्या, साहेबांची सही बाकी. कंपनीच्या नावासकट दोन संदेशांचे पैसे पडतात. पडू देत.

आज दुपारी पहिला गेला. मामा माझ्या शेजारीच बसले होते. फोन वाजला, चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, मग फोन माझ्यासमोर धरला.

"हे सगळं ठीक आहे. पण साहेब केबिनमध्ये आहेत का, ते यात कुठे लिहिलंय?"